बॉब लॅडूसर : ३९९ विजयांवर थांबलेले प्रशिक्षक

ही गोष्ट अमेरिकन फुटबॉलची आहे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लंबगोल चेंडू आणि अकरा-अकरा खेळाडू. शाळांचे सामने बहुधा शुक्रवारी रात्री होतात आणि अख्खे गाव ते पाहायला लोटते. या शालेय फुटबॉलमध्ये बॉब लॅडूसर यांच्याइतकी थक्क करणारी कारकीर्द क्वचितच कोणाची असेल.

सुरुवात

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला कॉन्कॉर्ड गावात डे ला साल ही मुलांची कॅथलिक शाळा आहे. १९७९ मध्ये लॅडूसर तिथे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. तोवर एकाही हंगामात शाळेच्या संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. २०१३ च्या जानेवारीत त्यांनी पद सोडले, तेव्हाचा हिशेब होता ३९९ विजय, २५ पराभव आणि ३ बरोबरी. चारशेला एकच विजय कमी असताना ते थांबले. आकड्यांची हाव त्यांना नव्हती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी दिसत नाही.

कार्ड

लॅडूसर शाळेत धर्मशिक्षणाचा विषयही शिकवत. मैदानावरचा त्यांचा पिंडही शिक्षकाचाच राहिला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघ एखाद्या खेळाडूच्या घरी एकत्र जेवायचा. जेवण झाले की प्रत्येक मुलगा एका छोट्या कार्डावर आपली उद्दिष्टे लिहायचा : व्यायामात काय करणार, सरावात काय, सामन्यात काय. ‘जिवाची बाजी लावीन’ असले मोघम काही चालत नसे. मोजता येईल असेच लिहायचे. मग ते सर्वांसमोर वाचायचे आणि कार्ड एका सहकाऱ्याच्या हाती द्यायचे. पुढच्या बैठकीत तोच जाब विचारणार.

यातली खुबी अशी की, मुलगा प्रशिक्षकाला नव्हे, शेजारच्या मित्राला शब्द देतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला सरांची नजर चुकवता येते, मित्राची नाही. मैदानात उतरतानाही हा संघ हातात हात घालूनच चालत येई.

व्हीअर

त्यांची आक्रमणाची पद्धत जुनी होती, तिला व्हीअर म्हणतात. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, चेंडू धावणाऱ्या साथीदाराच्या पोटाशी नेतो, पण नजर समोरच्या बचावपटूवर ठेवतो. बचावपटू धावणाऱ्यावर झेपावला, की क्वार्टरबॅक चेंडू मागे ओढून स्वतः पळतो. बचावपटू जागेवरच थांबला, तर चेंडू साथीदाराकडे सोडून देतो. निर्णयाला क्षणभराचाच अवधी असतो. पुढच्या फळीतली मुले एकाच क्षणी, खाली झुकून निघाली तरच हे साधते. इथे आकारापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे, म्हणून अंगापिंडाने लहान मुलेही या पद्धतीत टिकून राहत. तीच हालचाल पुन्हापुन्हा घोटून घेणे, हा त्यांच्या सरावाचा गाभा होता.

१५१

१९९१ च्या डिसेंबरमध्ये पिट्सबर्ग या शेजारच्या गावातल्या शाळेने डे ला सालला हरवले. त्यानंतर १९९२ ते २००३ असे सलग १२ हंगाम हा संघ एकही सामना हरला नाही. सलग विजयांचा आधीचा राष्ट्रीय विक्रम मिशिगनमधील हडसनचा होता, ७२ सामन्यांचा. डे ला सालने तो मागे टाकला आणि १५१ पर्यंत मजल मारली. २००१ मध्ये लाँग बीच पॉली या तितक्याच नावाजलेल्या संघालाही त्यांनी २९-१५ असे नमवले.

खासगी शाळा असल्याने डे ला साल गावोगावचे गुणी खेळाडू गोळा करते, असा आरोप प्रतिस्पर्धी करत आले. आसपासच्या अनेक गावांतून मुले येत, हे खरे. पण तशी सोय कितीतरी खासगी शाळांना होती, तरी १५१ कोणी गाठले नाही.

२००४

२००३ सरत असताना लॅडूसर यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढच्या ऑगस्टमध्ये नुकताच शाळेतून बाहेर पडलेला त्यांचा एक उमदा खेळाडू रिचमंडमध्ये गोळीबारात गेला. तो काही दिवसांतच ओरेगॉन विद्यापीठात खेळायला जाणार होता. दुःखातला संघ सप्टेंबरात सिअ‍ॅटलला गेला आणि बेलव्ह्यू शाळेकडून ३९-२० असा हरला. मालिका तिथे संपली. या काळावर २०१४ मध्ये चित्रपटही आला.

नंतर

त्यांचेच माजी खेळाडू जस्टिन अलंबॉ मुख्य प्रशिक्षक झाले आणि लॅडूसर काही काळ त्यांचे सहायक म्हणून राहिले. पिट्सबर्गच्या त्या पराभवानंतर उत्तर कॅलिफोर्नियातल्या एखाद्या संघाकडून डे ला साल पुन्हा हरला तो थेट २०२१ मध्ये.