कोंबडी, सुरी आणि चार तासांचा वर्ग

फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या नवापूरचं नाव देशभर झालं, ते वाईट कारणाने. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्री शेडमध्ये सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, रेल्वेने गाड्यांमधल्या जेवणातून चिकन काढून टाकलं आणि रोगाचा मागमूस नसलेल्या शहरांतही लोक कोंबडी खायला धजेनात. नवापुरात माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही, पण धंदा बसायचा तो बसला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच संकट पुन्हा आलं.

दोन्ही वेळा डॉक्टर एकच सांगत होते: कोंबडी आतपर्यंत ७० अंशांना शिजली की हा विषाणू मरतो. सल्ला बिनचूक होता. मात्र तो पाळायचा कोणी? कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाने. त्याला हे कोणी शिकवलं आहे का, हा प्रश्न मागेच राहिला.

योगायोगाने अन्नसुरक्षा आणि मानके कायदाही २००६ चाच. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि २०१७ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय प्राधिकरणाने ‘फॉस्टॅक’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. परवानाधारक हॉटेलात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा, असं त्याचं सूत्र. हातगाडीवाल्यांसाठीचा मूलभूत वर्ग चार तासांचा असतो. शेवटी परीक्षा होते आणि मिळालेलं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं.

चार तासांत काय शिकणार, असं वाटेल. बरंच काही शिकता येतं. कच्ची कोंबडी नळाखाली खळखळून धुणं ही आपल्याकडे स्वच्छतेची खूण मानली जाते. प्रत्यक्षात त्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि आचाऱ्याच्या बाहीवर जातात. ज्या सुरीने कोंबडी कापली, तिनेच पुढच्या मिनिटाला कांदा-लिंबू चिरलं, तर कोंबडी कितीही शिजवा, जंतू कच्च्या कांद्यातून ताटात येणारच. खांद्यावरच्या ज्या फडक्याने हात पुसले, त्यानेच ताटली पुसली, तरी तेच. उपाय स्वस्त आहे: वेगळी सुरी, वेगळा पाट, साबणाने धुतलेले हात.

भाताचं तर पुष्कळांना ठाऊकच नसतं. ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूचे बीजाणू भात शिजवला तरी तग धरतात. पातेलं दुपारभर कोमट राहिलं की ते वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं हे विष रात्री भात परतून गरम केला तरी जात नाही. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, थंड ५ च्या खाली. मधल्या तापमानात अन्न तासन् तास पडू द्यायचं नाही.

नियमांत कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस हेही आहे. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती, पण ती जिथे राबली त्या घरांमध्ये विषमज्वर पसरला. १९०७ मध्ये तिचा छडा लागला. आचारी धडधाकट दिसतो एवढ्यावर विसंबू नये, हे तेव्हापासून जगाला माहीत आहे.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच बाकाचे दोन भाग दोन राज्यांत येतात. अन्नाचा कायदा मात्र दोन्हीकडे एकच, नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही देशभर एकाच पद्धतीचा. स्टेशनावरच्या स्टॉलची तपासणी रेल्वेचे स्वतःचे अधिकारी करतात. बाहेर पडलं की सुरत-धुळे महामार्गावरचे ढाबे, चिकन सेंटर, भजी-चहाच्या टपऱ्या लागतात.

खरी अडचण इथेच आहे. पर्यवेक्षकाची सक्ती परवानाधारकांना. छोट्या टपरीला फक्त नोंदणी लागते, त्यामुळे ती या सक्तीतून सुटते. आणि मोठ्या ठिकाणीही वर्गाला मालक किंवा मॅनेजर जाऊन बसला, प्रमाणपत्र गल्ल्यामागे टांगलं, की मोरीपाशी कोंबडी साफ करणाऱ्या पोरापर्यंत काहीच पोचत नाही. तो घरी मावची बोलतो, गिऱ्हाइकाशी गुजराती किंवा हिंदी. पुस्तकी मराठीतला किंवा इंग्रजीतला वर्ग त्याच्या काय कामाचा?

ज्या गावाने एका रोगापायी दोनदा आपला धंदा गमावला, त्या गावाने सक्तीची वाट का पाहावी? नगरपरिषद, पोल्ट्रीवाले आणि हॉटेलवाल्यांनी मिळून अन्न व औषध प्रशासनाकडे मागणी करावी: आठवडे बाजाराचा दिवस सोडून एखाद्या दिवशी वर्ग नवापुरातच घ्या, मावची आणि गुजराती जाणणारा माणूस सोबत द्या आणि पहिल्या रांगेत आचारी, वाढपी, भांडी घासणारे बसवा. त्या दिवसाची त्यांची मजुरी मालकांनी कापू नये.