खिळ्याची कंबर

जुन्या लाकडी होडीची फळी उकलताना जो लोखंडी खिळा बाहेर येतो, त्याचे टोक बहुधा शाबूत असते, डोके गंजाने फुगलेले असते, आणि कंबर मात्र उसाच्या चोथ्यासारखी चिरफळून कधी कधी काडीइतकी बारीक झालेली असते. ही झीज वाटेल तेथे होत नाही. फळी आणि तिच्यामागचे बाकदार लाकूड जेथे एकमेकांना टेकतात त्याच रेषेवर ती सर्वाधिक होते, कारण त्या फटीत शिरलेले पाणी सहजी बाहेर पडत नाही आणि उन्हाने वाळतही नाही. कोकणातील खाडीकाठी हंगाम संपून होड्या वर ओढल्या गेल्या की असे खिळे ढिगांनी निघतात आणि त्यांच्याबरोबर एक वासही निघतो, आंबलेल्या ताकात लोखंड बुडवून ठेवल्यासारखा. अशाच एका जागी काम करणारा वयस्क सुतार प्रत्येक खिळा टाकून देण्यापूर्वी नाकाशी नेतो, आणि फळी ठेवायची की काढायची हे बरेचसे त्या वासावरून ठरवतो.

लाकूड हवेतील ओल सतत घेत आणि सोडत असते. त्याच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत पाण्याचे वजन किती, यावरून ओलाव्याचे प्रमाण सांगितले जाते. हे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर गेले की पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात आणि त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे साठू लागते. या अवस्थेला तंतुसंपृक्तता म्हणतात. लाकूड कुजविणारी बुरशी पुरती फोफावते ती या अवस्थेच्या आसपास, म्हणून बांधकामात 20 टक्के ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते. कोकणच्या पावसाळ्यात मात्र ही मर्यादा फारच जवळ असते, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली, तर पावसाचा थेंबही न लागता लाकूड 20 टक्क्यांपाशी पोहोचते. उरलेले अंतर ओलांडायला एक खिळा पुरतो.

खिळा हे काम कसे करतो, हे फळीची रचना पाहिल्यावर उमगते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने नळ्यांसारखे जुळलेले असतात, त्यामुळे फळीचे सपाट अंग पाणी सावकाश शोषते, पण तिची कापलेली टोके ते अनेक पटींनी लवकर ओढून घेतात. खिळा ठोकला की फळीच्या ऐन मध्यावर तंतू तुटतात, म्हणजे टोकाचा तो तहानलेला छेद फळीच्या पोटात तयार होतो, आणि खिळ्याच्या अंगालगतची बारीक फट पाण्याला थेट तेथवर नेते. भर पावसात लाकूड फुगते, पण खिळा फुगत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचे तंतू दबून चेचले जातात. उन्हाळ्यात तेच लाकूड आटते तेव्हा चेचलेले तंतू पूर्ववत होत नाहीत आणि छिद्र पहिल्यापेक्षा सैल राहते. दरवर्षी थोडे थोडे असे घडत गेले की खिळा आपोआप वर येऊ लागतो. डोके फळीत बुडेपर्यंत ठोकण्याची हौस याला हातभारच लावते, कारण बुडालेल्या डोक्यावर पाण्याची छोटी वाटी तयार होते. हवेच्या दाबाने चालणाऱ्या यंत्राने सरसकट खिळे मारणाऱ्यांना ही वाटी दिसत नाही. हाताने ठोकणारा सुतार शेवटचा घाव हलका घालतो.

त्या वासाचे मूळ लाकडातील आणि गंजातील आम्लांत आहे. ओल्या लाकडात खिळ्याचे उघडे डोके आणि आत गाडलेली कंबर यांच्यात एक प्रकारचा विद्युतघट तयार होतो. आत लोखंड विरघळून आम्लता वाढते, डोक्याशी अल्कली जमते, आणि एक लाकडातील सेल्युलोजवर तर दुसरी त्याच्या बांधणीच्या द्रव्यांवर मारा करते. बुरशीचा स्पर्श नसतानाही खिळ्याभोवतीचे लाकूड मऊ, केसाळ आणि काळे पडते ते यामुळे. काळा रंग टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाचा असतो, आणि ऐनाच्या लाकडात तो विशेष उठून दिसतो. ऐन आणि हिरडा हे टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतले वृक्ष आहेत आणि हिरड्यात हिराकस मिसळून काळा रंग करण्याची रीत जुनीच आहे, तेव्हा ऐनाच्या फळीत लोखंडी खिळा मारणे म्हणजे तिच्यात थोडी शाई ओतणेच होय.

दोन धातू एकत्र आले की हा व्यवहार आणखी जलद होतो. ब्रिटिश आरमाराच्या 'अलार्म' या जहाजाच्या तळावर 1761 मध्ये तांब्याचे पत्रे ठोकले गेले आणि दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेलेले आढळले. जेथे पत्र्याखालचा कागद चुकून राहून गेला होता तेथील लोखंड मात्र वाचले होते. हाच तांब्याचा प्रश्न पुढे लाकडाच्या आतूनच उभा राहिला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे लाकूडरक्षक मिश्रण शोधले आणि ते जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत 2003 अखेर घरगुती कामातून ते बहुतांशी मागे घेतले गेल्यावर जी पर्यायी मिश्रणे आली त्यांत तांबे अधिक होते, आणि साध्या जस्ताचा पातळ मुलामा दिलेले खिळे त्यांत पूर्वीपेक्षा लवकर गंजू लागले.

यावर स्टेनलेस स्टीलचे उत्तर दिले जाते, आणि खाऱ्या हवेत मॉलिब्डेनमयुक्त 316 जातीचे पोलाद खरोखर उपयोगी आहे. तथापि न गंजणारा खिळासुद्धा तंतू तोडतो, फटीतून पाणी आत नेतो आणि स्वतः चकचकीत राहून आतली कुज झाकतो. गंजणारा खिळा निदान काळा डाग देऊन चुगली तरी करतो. खिळाच टाळला तरी छिद्र टळत नाही. गोव्यात बांधलेल्या 'कौंडिण्य' या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, आणि अशा शिवणीचे प्रत्येक भोक पुन्हा बुजवावे लागते.

ओलावा मोजण्याचे विद्युत उपकरण या कामी फसते, आणि त्यात थोडा विनोदही आहे, कारण त्याचे दोन अणकुचीदार काटे हे स्वतःच दोन छोटे खिळे असतात. गंज आणि मीठ वीज वाहून नेतात, त्यामुळे जुन्या छिद्राजवळ 20 टक्क्यांच्या कितीतरी वरचा आकडा दिसतो आणि त्याचा अर्थ काहीच लागत नाही. खाडीकाठच्या त्या सुताराकडे असे उपकरण नाही. जुना खिळा उपसल्यावर तो त्याच छिद्रात नवा मारत नाही. गिरमिट लावून ते रुंद करत जातो, दर चार-सहा फेऱ्यांनी थांबून निघालेला कीस चिमटीत घेतो, हुंगतो आणि पुन्हा गिरमिट फिरवतो. आधी काळा, मग तपकिरी असा कीस पडत राहतो. तो पिवळसर येऊन त्याला नुसत्या सागाचा वास लागला की गिरमिट थांबते, आणि फळीच्याच रेषेत रेषा जुळवून तासलेली, तेलात बुडवलेली सागाची खुंटी त्या छिद्रात बसवली जाते. नवा खिळा तिच्यापासून चार बोटे दूर पडतो.