चिंतेला अर्धा तास

मुंबईतल्या मानखुर्दच्या सगळ्याच चिंता फुकाच्या नाहीत. देवनारची कचराभूमी १९२७ पासून शेजारी आहे. तिच्या धुरावर ‘जास्त विचार करू नका’ हा काही उतारा नव्हे. तिथे वॉर्ड ऑफिसात तक्रारच करावी लागते.

‘लोकल चुकली तर’, ‘साहेब बोलले तर’, ‘पाहुण्यांना काय वाटेल’ यांचा हिशेब मात्र वेगळा. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ जणांना आपल्या चिंता लिहून ठेवायला सांगितल्या आणि पुढे त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या ते तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९१.४ टक्के चिंता खोट्या निघाल्या. नमुना लहान आहे, तरी आकडा बोलका आहे.

मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक व सहकाऱ्यांनी १९८३ साली सोपी युक्ती मांडली. चिंतेसाठी रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अर्धा तास राखून ठेवायचा. एरवी काळजी डोकावली की तिला त्या वेळेवर ढकलायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचे. झोपायच्या आधीची वेळ मात्र नको.

चिंतेला वेळ दिला, तसा स्वतःलाही द्यावा. त्यासाठी पार्लरच हवे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. भरभर चालणे त्यात धरले जाते.

झोप उडाली, कामात लक्ष लागेना, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते.