ऑइल पेंटमध्ये धुक्यातला डोंगर कसा रंगवायचा?

आज कोडिंग बाजूला. आजचा विषय आहे ऑइल पेंटिंग, आणि त्यातही धुक्यातले डोंगर.

तुम्ही म्हणाल, परभणीत कुठले डोंगर? आपल्याकडं काळी, सपाट जमीन. पण जिंतूरकडं नेमगिरी आहे, गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटच्या रांगा आहेत. हे डोंगर काही हिमालयाएवढे नाहीत. म्हणूनच धुकं कामाला येतं, कारण ते बुटक्या टेकड्यांमध्येही खोली दाखवतं.

आधी धुकं समजून घेऊ. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की रात्रभर जमीन थंड होते. तिला लागून असलेली ओलसर हवा गार होते आणि पाण्याचे बारीक थेंब तयार होतात. थंड हवा जड, म्हणून ती सखल भागात साचते. त्यामुळं डोंगराचा माथा दिसतो आणि पायथा गायब होतो. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं चित्र जमलं समजा.

बरेच जण काय करतात? पूर्ण डोंगर गडद रंगवतात आणि वरून पांढरा फासतात. मग ते धुकं न वाटता पीठ सांडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा गेममधला फॉग आठवा. तिथं वस्तू जितकी लांब, तितका तिच्या रंगात धुक्याचा रंग जास्त मिसळलेला असतो. आपल्यालाही पॅलेटवर हेच करायचंय.

पांढऱ्यात चिमूटभर अल्ट्रामरीन ब्लू आणि त्याहून कमी बर्न्ट सिएना घाला. हा झाला धुक्याचा करडा रंग. तो भरपूर बनवा, कारण तो प्रत्येक थरात लागणार. डोंगरासाठी हेच दोन रंग, फक्त पांढऱ्याशिवाय. आता सर्वांत लांबच्या रांगेला अंदाजे ८५ टक्के धुकं, मधल्या रांगेला ५० आणि जवळच्या रांगेला १५. हा काही नियम नाही, सुरुवातीचा अंदाज आहे.

रंगवताना मागून पुढं या. आधी आकाश आणि धुकं पातळ थरात, मग लांबची रांग. रंग ओला असतानाच कोरडा, मऊ ब्रश पायथ्याशी आडवा, हलक्या हातानं फिरवा. माथ्याची कड राहू द्या, पायथ्याची हरवू द्या. प्रत्येक रांगेनंतर ब्रश पुसा, नाहीतर सगळा चिखल होईल. समोरचं बाभळीचं झाड शेवटी, खालचा थर वाळल्यावर. त्या वरच्या थरात तेल थोडं जास्त हवं, नाहीतर पुढं भेगा पडू शकतात.

फोटो बघून काढत असाल तर एक सांगतो. मोबाइलचा एचडीआर बऱ्याचदा धुकं ‘साफ’ करून टाकतो, म्हणून तो बंद करा. आणि चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. रांगा वेगळ्या दिसल्या तर छटा बरोबर आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑइल पेंटमधलं लिन्सीड ऑइल म्हणजे आपलं जवसाचं तेल, ज्या जवसाची आपण चटणी खातो तेच. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात उष्णता तयार होते. तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच जपा. चिंध्या घराबाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी.

पातळ थर वाळायला काही दिवस लागतात, जाड थराला आठवडे. तेवढा धीर धरा.

थंडीत एखाद्या दिवशी गजर लावून सूर्य उगवायच्या आधी नेमगिरीकडं जा. कोणती रांग आधी पुसली जाते ते बघा आणि कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!