आमच्या शाळेचा फुटबॉल आणि त्याचा हंगाम

पालकसभेला आलेली माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. "पोरींनो, एवढ्या पावसात कसला गं फुटबॉल? उन्हाळ्यात खेळावं की!" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर या लेखात लिहीत आहे. मी सातवीत आहे आणि मुलींच्या संघात उजव्या बाजूला हाफ खेळते, म्हणून मला यातले थोडेफार कळते.

कोल्हापूर शहराचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. तालीम म्हणजे खरी कुस्तीची जागा, पण कोल्हापुरात तालमीच्या नावाने फुटबॉलचे संघ आहेत आणि त्यांच्यासाठी पेठापेठांत भांडणेही होतात. आमच्या गावातले काका लोक तो सामना बघायला मोटारसायकलवरून जातात. त्यामुळे त्यांना वाटते, फुटबॉल म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्याचाच खेळ.

शाळांचे तसे नसते. शाळा जूनमध्ये उघडते. शालेय स्पर्धा पायरी पायरीने वर जातात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि शेवटी देश. वरच्या पायऱ्या परीक्षेच्या आत व्हायच्या तर खालची पायरी पावसातच उरकावी लागते. सुब्रतो चषकाचे सामने तर त्याहून आधी येतात. ही शाळांची स्पर्धा १९६० साली सुरू झाली. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे नाव तिला दिले आहे. म्हणजे आमचा हंगाम आणि भाताची रोपलावण एकाच वेळी. जुलैत आमचा निम्मा संघ चिखलात असतो, पण मैदानातल्या नव्हे, वावरातल्या.

आता वयाचे सांगते. शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. आमची शाळा सातवीपर्यंत, म्हणून आमचा एकच गट, १४ वर्षांखालचा. पण याच गटात हायस्कूलची आठवीची, काही नववीचीही पोरे बसतात. त्यामुळे आमच्या समोर उभी राहणारी मुले डोक्याने वीतभर उंच असतात. आमचे गुरुजी म्हणतात, उंचीला उत्तर म्हणजे चेंडू जमिनीवर ठेवणे. हवेतला चेंडू उंच माणसाचा, जमिनीवरचा चेंडू ज्याचे पाय हलतात त्याचा. पण पावसात जमिनीवरचा चेंडू डबक्यात अडकतो! तेव्हा सामन्याआधी आम्ही सगळ्या मैदानभर चालून येतो आणि डबकी कुठे आहेत ते पाठ करतो. ही युक्ती कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही, पण उपयोगी आहे. ज्या बाजूला पाणी कमी त्या बाजूने खेळायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलते, तेव्हा सगळा हिशोब उलटा करावा लागतो, आणि तिथेच आमच्या पोरी गोंधळतात.

चेंडूचेही नंबर असतात. मोठ्यांचा पाच नंबरचा, त्याचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लहान मुलांना चार नंबरचा, तो थोडा लहान व हलका असतो. आमच्या शाळेत खरा फुटबॉल आला तो २०१७ साली. त्या वर्षी १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला होता. त्यातले काही सामने नवी मुंबईत झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला सगळ्या महाराष्ट्रातल्या शाळांत फुटबॉल खेळला गेला आणि शाळांना चेंडू वाटले गेले. मी तेव्हा बालवाडीतसुद्धा नव्हते. त्या विश्वचषकात भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला. एकच गोल झाला, तो कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केला. तरी आमच्या शाळेतली मोठी पोरे तो गोल कसा झाला ते अजून डोक्याने करून दाखवतात.

ऑफसाइड हा नियम पालकांना समजत नाही. खरे म्हणजे आमच्यातल्याही निम्म्यांना समजत नाही. सोप्या भाषेत असा. समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, आपल्या माणसाने चेंडू मारला त्या क्षणी, आपण चेंडूच्या पुढे असू आणि आपल्या नि गोलरेषेच्या मध्ये त्यांचे दोन खेळाडू नसतील (गोलकीपर धरून), तर आपण ऑफसाइड जागेवर. तिथून खेळात भाग घेतला की पंच शिट्टी वाजवतात. चेंडू मारल्यावर पळत पुढे गेलो तर चालते. म्हणजे जेवणाची पंगत वाढायच्या आधीच पानावर जाऊन बसायचे नाही, वाढा म्हटल्यावर पळत जायचे. थ्रो, कॉर्नर आणि गोलकिक यांवरून थेट चेंडू आला तर हा नियम लागत नाही. हे समोरच्या शाळेलाही पुष्कळदा माहीत नसते. यंदा आमचा एक गोल असाच थ्रोवरून झाला आणि त्यांची पोरे हात वर करून ओरडत उभी राहिली.

यंदाचा हंगाम थोडक्यात सांगते. मुलांचा संघ पहिल्याच सामन्यात तीन गोलांनी हरला. मुली दोन सामने जिंकल्या. तिसरा बरोबरीत सुटला आणि टायब्रेकरमध्ये गेला. टायब्रेकरमध्ये गोलपासून ११ मीटरवरून एकेकीने चेंडू मारायचा, दोन्हीकडच्या पाच पाच जणींनी. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. आमची गोलकीपर सहावीतली, हात वर करून उडी मारली तरी वरच्या दांडीला पोचत नाही. तरी तिने दोन अडवले. आम्ही हरलो. घरी येताना वडापमध्ये कोणी बोलत नव्हते. मग तिनेच विचारले, "भूक लागली नाही काय कुणाला?"

आमच्याकडे सगळ्यांत चांगला डावखुरा खेळाडू संघात कधीच नसतो. तो बीडकडचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला येतात. कारखाना सुरू झाला की त्यांच्या झोपड्या ओढ्याकाठी पडतात आणि तो आमच्या शाळेत बसायला लागतो. कारखाना बंद झाला की ती माणसे परत जातात. आमच्या स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा तो त्याच्या गावी. तिथे त्याच्या शाळेत फुटबॉल नाही, असे तो सांगतो. म्हणजे त्याचा फुटबॉलचा हंगाम आणि स्पर्धेचा हंगाम कधी भेटतच नाहीत. तो डाव्या पायाने मैदानाच्या कडेवरून असा चेंडू घालतो की बघतच राहावे. अनवाणी. आम्हीही सरावाला अनवाणीच असतो. १९११ साली मोहन बागानने इंग्रजांच्या पलटणीला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचेही दहा जण अनवाणी होते, हे बाईंनी सांगितल्यापासून आम्हांला बुटांचे एवढे वाईट वाटत नाही. पण चिखलात घसरायला होते हे खरे.

आता पालकांसाठी मुद्द्याचे. मुलींच्या संघात आम्ही तेरा जणी होतो. त्यांतल्या सहा जणी सातवीच्या, म्हणजे मीही. आम्ही पुढच्या वर्षी हायस्कूलला जाणार. उरल्या सात. नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तर सामना सुरू करता येतो, एकही कमी असेल तर नाही. म्हणजे एकीला ताप आला की संघ घरी. चौथी-पाचवीतल्या पाच जणी रोज सरावाला कडेला उभ्या असतात, चेंडू ओढ्याकडे गेला की पळत आणून देतात. त्यांना खेळायचे आहे. विचारले की म्हणतात, "घरात नको म्हणत्यात."

घरात नको का म्हणतात ते मला माहीत आहे, कारण माझ्याही घरात म्हणत होते. आज्जीला चड्डीची अडचण होती. बाबांना गावाबाहेर जायची होती. आज्जीचे बाईंनी मिटवले. मुली चड्डीच्या आत लांब घट्ट पँट घालून खेळल्या तरी चालते, वर मोजे नि नडगीची पट्टी मात्र हवी. बाबांचे आईने मिटवले. ती म्हणाली, "मीच जाते संगं." गेल्या वर्षी ती आली, सगळ्यांच्या भाकऱ्या बांधून. सामना कळला नाही, पण पंचांवर ओरडली मात्र खूप.

दाखल्यांचे आत्ताच बघून ठेवावे. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी पाहिजे. आमच्या एका मैत्रिणीच्या आधारावर आडनावातले एक अक्षर चुकले होते, ते दुरुस्त होईपर्यंत स्पर्धा संपली.

सराव शनिवारी शाळा सुटल्यावर असतो, इतर दिवशी चार वाजल्यापासून दिवेलागणीच्या आत. स्पर्धेला सकाळी लवकर निघावे लागते, परत यायला संध्याकाळ होते. सोबत बाई असतात आणि कोणातरी एकीची आई. पुढच्या वर्षी कोणाची आई येणार ते अजून ठरलेले नाही. नाव बाईंकडे सांगावे.