जुनी वाद्ये कॅमेऱ्यापुढे मांडताना

रिद्धपूर (जि. अमरावती) - मृदंगाची वादी तुटली, वीणेचा भोपळा तडकला किंवा पेटीचा भाता फाटला, की वाद्य खुंटीवरून उतरते आणि माळ्यावर जाते. पुढचा मुक्काम वाळवीकडे, नाहीतर भंगारवाल्याकडे. वऱ्हाडातील भजनी मंडळांच्या अनेक वाद्यांची हीच कथा आहे. अशी वाद्ये हौशी छायाचित्रकारांना नेहमीच खुणावतात. मात्र ती केवळ शोभेची मांडणी म्हणून टिपावीत, की नोंद म्हणूनही, याचा विचार क्वचितच होतो.

रिद्धपुरात तो अपरिहार्यपणे सुचतो. १३ व्या शतकात म्हाइंभटांनी येथे 'लीळाचरित्र' सिद्ध केले. महानुभावांच्या पोथ्या आजवर टिकल्या, त्या पुन:पुन्हा नकलून घेतल्या गेल्या म्हणून. वापराने झिजलेल्या वाद्याची नक्कल करता येत नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे छायाचित्र.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना 'स्थिरचित्र' हा शब्द परिचित आहे. इटलीतील बेर्गामोचा चित्रकार एवारिस्तो बास्केनिस (१६१७-१६७७) याने वाद्यांची स्थिरचित्रे हीच आपली ओळख केली. पालथ्या ठेवलेल्या ल्यूटवरील धूळ आणि त्या धुळीत उमटलेल्या बोटांच्या रेघादेखील त्याने रंगविल्या. छायाचित्रणाच्या आरंभी, १८३७ मध्ये, दागेरनेही निश्चल वस्तूच मांडल्या होत्या. दीर्घकाळ न हलणारा विषय त्या तंत्राची गरजच होती.

आजही घाई उपयोगाची नाही. वाद्य खिडकीपाशी असे ठेवावे, की प्रकाश एका बाजूने, तिरपा येईल. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोल उभा केला की काळोखातील तपशील उजळतात. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते ११ आणि लागेल तेवढा वेळ, अगदी सेकंदभरही. समोरून मारलेला फ्लॅश लाखेच्या पॉलिशवर पांढरा डाग पाडतो. पोलरायझर फिल्टरने पॉलिशची चकाकी कमी होते. तारांची व पितळेची होत नाही, कारण धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तिथे प्रकाशाचा कोनच बदलावा लागतो. तंबोरा जवळून, रुंद भिंगाने टिपला तर भोपळा अवाढव्य आणि दांडी काडीसारखी दिसते. त्याऐवजी चार पावले मागे जाऊन ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग वापरावे.

पार्श्वभूमीला घोंगडी किंवा गोणपाट पुरे. झेंडूची फुले, समई आणि तबकाची आरास दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला शोभेल. इथे ती वाद्यावरून नजर हटविते. पाहण्याजोगे पुष्कळ असते. पेटीच्या मधल्या सप्तकातील झिजलेल्या पट्ट्या, तबल्याच्या शाईला गेलेले तडे, जवारीवर तारांनी कोरलेल्या खाचा, खंजिरीच्या कडेला घासलेली अंगठ्याची जागा. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) भजनांमुळे ही खंजिरी वऱ्हाडात घरोघरी पोचली. तिचे छायाचित्र येथील माणसाला निराळे काही सांगते.

वाद्य चकचकीत दिसावे म्हणून तेल लावणे किंवा ओल्या फडक्याने पुसणे घातक. सैल तारा तर मुळीच ताणू नयेत, वाळलेला सांधा उकलतो. हॅलोजनच्या उष्णतेने आधीच कोरडे पडलेले कातडे फाटू शकते.

दुरुस्ती करायची असल्यास छायाचित्र आधी काढावे. सतार व तंबोऱ्यासाठी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेचे कारागीर वाद्य पुन्हा बोलते करतील. पण नवी जवारी बसली की जुन्या खाचा गेल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे, परंतु गावोगावच्या वाद्यांना तिथे जागा मिळेल, हे संभवत नाही. म्हणून एका छायाचित्रात वाद्याशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि मंडळाचे नाव, गाव, पेटीचा सूर लिहून ठेवावा. ते वाद्य कोणी, किती वर्षे वाजविले, हे मात्र कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी मंडळातील वयोवृद्ध वादकाकडेच जावे लागते, आणि तेही लवकर.