निघण्यापूर्वी दिवे पाहावेत

कापूस व सोयाबीन यांचा हंगाम सुरू झाला की अमडापूर परिसरातील माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वा मालमोटारीतून चिखली व खामगावच्या बाजाराकडे जाऊ लागतो. लवकर पोहोचावे म्हणून पुष्कळ शेतकरी बंधू पहाटेच्या अंधारातच निघतात, आणि परतताना रात्र होते. अशा वेळी मागील दिवा बंद असल्यास काय घडते, हे साध्या हिशेबाने कळते.

ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. पुढील भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालत असेल, तर दोघांतील अंतर सेकंदाला सुमारे ११ मीटरने घटते. ट्रॉली ४० मीटरवर आल्यावरच दिसली, तर मोटारचालकास चार सेकंदही मिळत नाहीत. नियमानुसार मागील तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसावयास हवा. तेवढ्या अंतरावरून दिसल्यास सुमारे १४ सेकंद मिळतात. एक जीव वाचण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.

तपासणी दोघांनी करावी. एकाने चालकाच्या जागी बसावे. दुसऱ्याने वाहनाभोवती फिरून पुढील दिव्यांचे दूरचे व जवळचे झोत, मागील तांबडे दिवे, वळणाचे दिवे आणि ब्रेक दाबताच लागणारे दिवे क्रमाने पाहावेत. जोडीदार नसल्यास वाहनाची मागील बाजू भिंतीजवळ आणून भिंतीवर पडणारा उजेड पाहावा.

ट्रॉलीचा दिवा न लागण्याचे कारण बल्बच असते असे नाही. ट्रॅक्टरला जोडणाऱ्या प्लगात धूळ व गंज साचतो, किंवा अर्थिंगची तार सैल होते. प्रथम तेथे पाहावे. फ्यूज उडाल्यास त्याच क्षमतेचा नवा बसवावा. त्या जागी साधी तार कदापि घालू नये. वायरिंग तापून कापूस वा कुटार पेट घेण्याचा धोका असतो.

काळ्या मातीचा चिखल दिव्यांवरून व तांबड्या परावर्तकांवरून ओल्या फडक्याने पुसावा. ताडपत्री किंवा कडब्याच्या पेंढ्या त्यांवर लोंबू देऊ नयेत. परावर्तकास वीज लागत नाही, परंतु मागून उजेड पडल्यावाचून तो चमकत नाही. म्हणून तो दिव्याची जागा घेऊ शकत नाही.

रात्रीच्या प्रवासात बैलगाडीखाली कंदील टांगण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. तीच दक्षता आज ट्रॉलीसाठी बाळगावी. दिवा दुरुस्त होत नसेल तर उजाडेपर्यंत थांबावे. माल दोन तास उशिरा पोहोचला तरी चालेल. माणूस सुखरूप घरी परतला पाहिजे.